घरचं नाव

भट्टी लावायचा दिवस होता, म्हणून पाहुण्यांना घाटावरच यावं लागलं.

कपडे आदल्या संध्याकाळपासून सोड्यात भिजत होते. नरसय्याने पहाटे ते पिळून तांब्याच्या हंड्यावर रचले: तळाशी मळकट चादरी, मधे सदरे आणि धोतरं, अगदी वर बायकांच्या पातळ साड्या. वाफ वर पोचेपर्यंत तिचा जोर कमी होतो, म्हणून नाजूक कापड वर. एकदा वाफ धरली की चार तास जाळ सोडून हलता येत नाही. जाळ मंदावला तर मळ सुटत नाही आणि वाढला तर तळचं कापड पिवळं पडतं.

सदुसष्टचा उन्हाळा. एप्रिल अर्धा झाला होता आणि कन्हान नदी रेल्वेच्या पुलाखाली एका धारेवर आली होती. घाटाचे मोठे दगड कोरडे उभे होते. परिटांनी रेतीत खाली उतरून धारेच्या कडेला कपडे आपटायचे पाट रोवले होते. पलीकडच्या रेतीत नत्थू ढिवराची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. तिथून पिकल्या डांगरांचा वास मधूनमधून यायचा आणि सोड्याच्या वासात बुडायचा.

पाहुणे तिघं होते. मधला पोचन्ना, मुलाचा काका. बल्लारशाहून आला होता. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे जे ठरवायचं ते यानेच. मुलगा, मल्लेश, पुलाला रंग लावणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये दोन वर्षं कामठीत होता. रजिस्टरात त्याचं नाव मल्लेश राजलिंगू, म्हणजे स्वतःचं आणि बापाचं, एवढंच. त्याच्या कपड्यांवर लोखंडाच्या रंगाचे तांबडे डाग असायचे. ते सोड्याने जात नाहीत. नरसय्याच्या प्रेमिलाने ते रॉकेलने काढून दाखवले होते, आधी चिंधीने टिपून, मग उलट्या बाजूने. नंतर मल्लेशच्या कपड्यांवर जरा जास्तच डाग पडू लागले. हे तिच्या आईच्या, रंभाबाईच्या, लक्षात यायला सहा महिने लागले, घाटावरच्या बाकी बायकांच्या लक्षात यायला पंधरा दिवस.

प्रेमिला धारेत पोटरीभर पाण्यात उभी होती. तिने पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कापड खळबळायला लागली. पोचन्नाने तिच्याकडे, तिच्या हातांकडे पाहिलं.

"पोरगी कामाची आहे," तो म्हणाला. त्याच्या मराठीला तेलुगूची चाल होती. "दिसूनच राहिलं. आता घरचं नाव सांगा."

"नरसय्या व्यंकटस्वामी."

"ते तुमचं अन् तुमच्या बापाचं झालं. घरचं?"

नरसय्याने जाळात एक लाकूड सरकवलं. "आमाले कामठीवाले म्हणतात."

पोचन्नाच्या डाव्या हाताला बसलेला म्हातारा हसला. "कामठीवाले त स्टेशनावरचे कुत्रेही हायेत गा."

घाटावर तेलंगी परिटांची सहा घरं होती. कंपनी सरकारची मद्रासची पलटण इथे आली तेव्हा तिच्या मागोमाग परीट, न्हावी, स्वयंपाकी, पालखीचे भोई चालत आले होते. पलटणी बदलत गेल्या. नदी होती, दगड होते, मळके कपडे होते, म्हणून परीट राहिले. तेलुगू आधी बाजारातून गेली, मग घरातून. नरसय्याला आता अंक येत होते दहापर्यंत, आणि शिव्या.

"तुमचं काय आहे घरचं?" त्याने विचारलं.

"असं नसते," पोचन्ना म्हणाला. "पोरीकडच्याहीनं आधी सांगाव लागते. आम्ही आधी सांगतलं त लोक पाहून-सवरून दुसरंच सांगतात. अन् एकच निघालं त? दोघं भाऊ-बहीण झाले ना. देव घरात घेत नाही."

"अन् नावच नसन तं?"

"बिनानावाचं घर नसते. विसरले असान." तो उठला, धोतराची रेती झटकली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच नरसय्याला जास्त लागलं. "विचारा कोणाले तरी. पोरगी आमाले पसंत आहे. अक्षय तृतीयेले येतो. नाव असन त सुपारी फोडू, नसन त मग तुम्ही आमाले दोष देऊ नका."

ते रेतीतून चढून गेले. रंभाबाई चहाची किटली घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. तेवढ्यात प्रेमिला ओरडली, "बाबा, जाळ!"

तळच्या दोन चादरी पिवळ्या पडल्या होत्या.

*

त्या चादरी अग्रवालांच्या होत्या. नरसय्याने त्या तीन दिवस उन्हात ओल्या ठेवून पाहिल्या, लिंबू चोळून पाहिलं. पिवळेपणा फिका झाला, गेला नाही. अग्रवालांच्या सुनेने चादर उजेडाकडे धरली. "अब आँख से भी कम दिखता है क्या, नरसय्या?" त्याने मान खाली घातली. खरं कारण सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

बोचकी पोचवता पोचवता तो विचारत फिरला.

त्याला गावातलं प्रत्येक घर कपड्यावरून ओळखता यायचं. बिब्ब्याच्या रसाने आतल्या शिवणीवर खूण घातलेली असायची: हनीफमियाँ विणकराच्या लुंग्यांना तीन ठिपके, अग्रवालांना काटकोन, छावणीतल्या कॉन्व्हेंटच्या पांढऱ्या झग्यांना उभी रेघ आणि तिच्यावर आडवी, बौद्ध मोहल्ल्यातल्या वच्छला मास्तरणीच्या पांढऱ्या लुगड्यांना अर्धा चांद. खुणा त्याच्या बापाच्या काळच्या होत्या. कोणत्या घराला कोणती, हे चुकलं तर गावभर कपडे अदलाबदल होतात. त्याचं कधी चुकलं नव्हतं.

घाटावरच्या सहा घरांपैकी दोघांना आपलं नाव माहीत होतं. त्यांनी ते लगेच सांगितलं, जणू कोणी विचारायची वाट पाहत होते. पण नरसय्याच्या घराचं त्यांना ठाऊक नव्हतं. छावणीत नायडू मास्तर तेलुगू वाचणारे शेवटचे. त्यांनी त्याला मागच्या दाराशी बोलावलं, उभंच ठेवलं.

"पलटणीची जुनी कागदं मी पाहिली होती," ते म्हणाले. "शिपायाचं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं लिहिलेलं. परिटांचं काय लिहीत होते माहीत आहे? 'धोबी, नग चौदा.' ज्याचं त्याला ठाऊक असेल, असं समजून."

"कोणतं गाव तरी?"

"गोदावरीच्या तोंडाकडची भरती होती पुष्कळ. त्या बाजूचं असेल." त्यांनी दार लोटून घेतलं, मग परत उघडलं. "सदऱ्याला खळ कमी घाल. मान कापते."

हनीफमियाँच्या घरात माग चालू होता. धोट्याचा आवाज थांबवून त्यांनी नरसय्याला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मियाँ, हमारा तो और तमाशा है," ते म्हणाले. "दादा के अब्बा मऊ से आए थे, गदर के बाद. पिछले साल मैं गया था मऊ. सोचा, अपने लोग हैं. मस्जिद में सब पूछने लगे, ये कामठीवाले कौन आए? मैं बोला, मैं यहीं का हूँ. तो बोले, बैठिए, मेहमान हैं आप." ते हसायला लागले आणि हसता हसता धोट्यातला धागा पाहू लागले. "दो दिन में वापस आ गया. साड़ी अधूरी पड़ी थी."

संध्याकाळी नत्थू डांगर घेऊन आला. पाटावरच फोडलं, आपण आधी खाल्लं.

"तुम्ही सारेच पाहुणे गा," तो म्हणाला. बिया थुंकत होता. "तू, मोमीन, मारवाडी, सारे. आम्ही ढिवरच तेवढे घरचे."

"घरचे त दरवर्षी वाडी काहून मोजून घ्या लागते तुले?"

"नदी मिटवते ना बावा. आषाढात सारं सपाट. मंग कार्तिकात दोरी धरून नव्यानं." त्याने सालपट धारेत टाकलं. "पण नाव आहे आमाले."

नरसय्याने खाल्लं नाही. त्या दिवशी त्याच्या खांद्यात कळ होती आणि उरलेल्या अर्ध्या बोचक्यातले कपडे तो डाव्या हाताने आपटत होता.

*

रंभाबाईला आठवलं ते चौथ्या दिवशी, खळ ढवळताना. "रामटेकची आत्याबाई जित्ती आहे ना?"

भागीरथा. नरसय्याच्या बापाची धाकटी बहीण. ऐंशीच्या पुढची. रामटेकला नातवाजवळ राहत होती. शेवटची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. नरसय्याला ती आठवली नव्हती, कारण घरचं नाव बाईला विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो मंगळवारी सकाळच्या गाडीने गेला. गाडीत देवळाला जाणारी माणसं होती. टेकडी दिसायला लागल्यावर त्यांनी हात जोडले, नरसय्यानेही जोडले.

भागीरथा ओसरीवर पडून होती. डोळे पांढरे झालेले. त्याने पाय धरले तेव्हा तिने त्याचे हात चाचपले, बोटांच्या भेगांवरून अंगठा फिरवला.

"व्यंकटाचा पोट्टा," ती म्हणाली. "सोडा जास्त घालतेस रे तू. तुहा बापही घाले."

त्याने विचारलं. तिचा अंगठा थांबला.

"बाप्ये विसरले," ती म्हणाली. "त्याहीले कोणी विचारतच नव्हतं. जिथं जन्मले तिथंच मेले, कोणाले सांगाव लागते? आमाले सांगाव लागे. लग्नात माह्या बापानं मले उंबऱ्यावर उभं केलं. म्हणे, घरचं नाव घे मोठ्यानं. आता घे, मंग पुन्हा घेऊ नको, तू दुसऱ्याची झाली. घेतलं मी. सत्तर वर्षं झाली, पुन्हा घेतलं नाही."

"आता घे ना आत्या."

"मले चालते का?"

"मी म्हणतो ना, चालते."

तिने तोंड भिंतीकडे केलं. जणू कोणी पाहत असेल. मग म्हणाली, "ताडिमल्ला."

"ताडिमल्ला," नरसय्या म्हणाला.

"असं नाही. ल्ला लांब नको करू." तिने पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा म्हटलं. असं चार-पाच वेळा झालं. नातसून भाकरी घेऊन आली आणि दोघं लहान पोरांसारखे एक शब्द घोकत बसलेले पाहून दाराशीच थांबली.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. धानाची शेतं कापून रिकामी पडलेली होती, भेगाळलेली. आपल्या नावातला ताड कुठे दिसतो का ते तो पाहत होता. या बाजूला ताड नव्हते. तो कधी कुठे गेला नव्हता. नागपूर, रामटेक, एकदा देवीसाठी कोराडी. तरी एक गाव त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहू लागलं. तिथे पाणी भरपूर होतं आणि उन्हाळ्यात दगड कोरडे पडत नव्हते. कोणीतरी त्याला लांबून हाक मारत होतं, नरसय्या म्हणून नव्हे, त्या दुसऱ्या नावाने.

*

दुसऱ्या दिवशी तो अंधार असतानाच पाटावर होता. कापड उचलायचं, डोक्यावरून फिरवायचं, आपटायचं. प्रत्येक आपटीला तो दम सोडून एक हुंकार द्यायचा, सगळेच परीट देतात. त्या सकाळी हुंकाराच्या जागी ते नाव होतं. हळूच. रंभाबाईने ऐकलं.

"काय म्हणून राहिले?"

"आपलं नाव." तो सरळ उभा राहिला. पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण त्याचं तोंड तिला क्षणभर ओळखू आलं नाही. "आपण ताडिमल्ला हावो."

प्रेमिला चार पावलांवर नीळ घालत होती. पांढऱ्या कापडाला नीळ अगदी थोडी लागते, बादलीभर पाण्याला चिमूटभर. तिच्या हातातली पुरचुंडी पूर्ण पाण्यात पडली. पाणी गडद निळं झालं. तिने ते तसंच धारेत ओतून दिलं.

"वेडी झाली का वं?" रंभाबाई म्हणाली. "अख्खी नीळ!"

प्रेमिला पुन्हा पाणी भरायला वाकली. दुपारी बाप घरी जेवायला गेला, तेव्हा दोरीवरच्या दोन चादरींच्या मधे ती आईजवळ आली.

"आई, बाबाले म्हणा, ते नाव नका सांगू."

"काहून?"

"त्याहीचंही तेच हाये."

"तुले कोणी सांगतलं?"

"मल्लेशनं. कवाच सांगतलं. मी विचारलं होतं, तुमचं घरचं काय, तं सांगतलं. काका ओरडन म्हणे, कोणाले सांगू नको." ती चादरीची किनार दाबून धरत होती, सुकत आलेलं कापड तिच्या मुठीत चुरगळत होतं. "ताडिमल्ला. हेच."

चादर उन्हात इतकी तापली होती की रंभाबाईने टेकलेला हात काढून घेतला.

*

रंभाबाईने त्याच रात्री नरसय्याला सांगितलं. पुढचे दोन दिवस त्याने नुसतं काम केलं. कॉन्व्हेंटचे झगे, पलटणीच्या मेसची टेबलावरची कापडं, बौद्ध मोहल्ल्यातून लग्नाच्या मांडवाचे पांढरे पडदे. पारा एकशे बाराला गेला होता असं छावणीतला शिपाई म्हणत होता. ओलं कापड दोरीवर टाकेपर्यंत कडा वाळायच्या. धार आणखी आक्रसली आणि पाट पुन्हा चार हात पुढे सरकवावे लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाटाच्या सावलीत बसला होता. रंभाबाई भाकरी घेऊन आली. प्रेमिलाही आली.

"काय करान?" रंभाबाईने विचारलं.

"आहे ते सांगीन."

"अन् पोरगी?"

"दुसरा पाहू."

"बाबा," प्रेमिला म्हणाली. ती सातवीपर्यंत शिकली होती आणि बापाशी भांडताना बेरजा मांडायची. "तुमच्या आजाचा आजा इथं आला. त्याहीचे आजे-पणजे रेल्वेच्या कामावर बल्लारशाले आले. मधात शंभराच्या वर वर्षं झाली. पाच पिढ्या, सहा पिढ्या, कोणी मोजल्या? वच्छलाबाईच्या शाळेत एका वर्गात तीन मेश्राम आहेत, ते काय भाऊ हायेत?"

"ते त्याहीचं. आपलं वेगळं."

"आपलं!" ती म्हणाली. "चार दिवस झाले आपलं होऊन." मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती उठून धारेकडे गेली आणि काहीही धुवायचं नसताना पाण्यात उभी राहिली.

नरसय्या तिच्या पाठीकडे पाहत होता. तिच्या आधीचे दोन मुलगे देवीच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. हीच राहिली.

"कोणासाठी ठेवता ते नाव?" रंभाबाई हळूच म्हणाली. "तुमच्यामागं कोण घेईन?"

"ठेवून नाही राहिलो. नुसतं..." त्याने हात उघडा केला, मग मिटला. "मले वाटलं, कोणी विचारलं त सांगता येईन. एकडाव. चार माणसांत. बस."

रंभाबाईने भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. ती कमी बोलणारी बाई होती आणि तिला जे म्हणायचं होतं ते तिने बत्तीस वर्षं म्हटलं नव्हतं.

"मी आली तवा मलेही उंबऱ्यावर उभं केलं होतं," ती म्हणाली. "नंदिगामा. मोठ्यानं घेतलं अन् सोडून दिलं. तुमच्या घरी आली तं इथं नावच नाही. माय म्हणे, सासरचं घे. कोणतं घेऊ? बिनानावाची राहिली मी. म्हटलं का कधी काही?"

नरसय्याने भाकरी बाजूला सारली.

"माहा भाऊ मेला. त्याले लेकरू नाही. ते नाव कोणाचंच नाही आता," ती म्हणाली. "तेच सांगा तुम्ही. घ्या माहं."

"बायकोचं?"

"मंग काय झालं? मी घेतलंच असतं ना तुमचं, असतं तं."

पलीकडे नत्थू कोणाला तरी डांगराचा भाव सांगत होता आणि गिऱ्हाईक महाग म्हणत होतं. नरसय्याने भाकरीचा तुकडा उचलला. तो चावायला त्याला बराच वेळ लागला.

"अन् देवानं विचारलं तं?"

"तं मी सांगीन," रंभाबाई म्हणाली.

*

अक्षय तृतीयेला पोचन्ना चार माणसं घेऊन आला. मुलाने यायचा रिवाज नव्हता, म्हणून मल्लेश आला नव्हता. तो पुलावर कामावर होता. अंगणातून पुलाची लोखंडी कमान दिसायची आणि प्रेमिला मागच्या दाराशी, तिकडे तोंड करून बसली होती.

रंभाबाईने अंगण सारवलं होतं. नरसय्याने स्वतःचं धोतर स्वतः भट्टीला लावून इस्त्री केलं होतं, खळ घालून. बसताना त्याचा कडकड आवाज झाला. सतरंजीवर ताट होतं, ताटात सुपारी, हळद, तांदूळ. घाटावरच्या पाच घरचे बाप्ये कडेला उकिडवे बसले होते. हनीफमियाँ बाहेर खाटेवर. त्यांना आतल्या रीतीचं काही कळत नव्हतं, पण बोलावलं म्हणून आले होते.

"सांगा," पोचन्ना म्हणाला.

नरसय्याने चार माणसांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. असं त्याच्याकडे यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं, कपडे मोजून घेतानासुद्धा नाही. त्याच्या घशात नाव होतं. आत्याने शिकवलं होतं तसं, शेवट लांब न करता.

"नंदिगामा," तो म्हणाला.

"काय?"

"नंदिगामा." या वेळी मोठ्याने.

मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या, मग थांबल्या.

पोचन्नाने शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा मनाशी काही मोजत होता. मग त्याने मान हलवली. "आपल्यात नाही. मामाकडच्यातही नाही. चालते."

"पाहा, होतं ना?" पोचन्ना हसला आणि त्याचं तोंड पहिल्यांदाच सैल झालं. "म्हटलं नव्हतं, बिनानावाचं घर नसते म्हणून?"

"म्हटलं होतं."

"आता आमचं ऐका." त्याने छाती पुढे काढली, मांडीवर हात ठेवले. "आम्ही ताडिमल्ला."

पोचन्नाने तो ल्ला लांब केला होता. भागीरथेने त्याला सुधारलं असतं. नरसय्याने ताटातली सुपारी उचलून त्याच्या हातात दिली.

"चांगलं नाव आहे," तो म्हणाला.

सुपारी फुटली. हळद लागली. हनीफमियाँनी बाहेरूनच मुबारक हो म्हटलं. रंभाबाईने चहा आणला, सगळे बशीत ओतून पिऊ लागले आणि बोलणं तारखेवर, जेवणावर, बल्लारशाच्या उन्हावर गेलं. नरसय्या थांबून थांबून विचारत होता.

"गाव आहे का तुमचं अजून? नावाचं?"

"आहे ना. गोदावरीच्या खालच्या अंगाले. मी दोनदा गेलो."

"नदी गावाले लागून आहे?"

"कालवा आहे. इंग्रजानं काढलेला. बाराही महिने पाणी वाहते."

"घाट?"

"आहे की, दगडी. ताडाची झाडं आहेत वरून, तुमच्या इथच्यासारखं ऊन नाही लागत. अजूनही आपल्या लोकांची सात-आठ घरं धुतात तिथं." पोचन्नाने बशी खाली ठेवली. त्याला व्याह्याचं हे विचारणं आवडलं होतं. "लग्न झालं का नवरा-नवरीले तिथं घरच्या देवापुढं न्याव लागते. तुम्हीही चला. पाहुणे म्हणून."

"पाहुण्याले जाऊ देतात देवापुढं?"

"बाहेरून पाहा लागते. आत फक्त घरचे."

नरसय्याने तांदळाचे सांडलेले दाणे एकेक करून ताटात टाकले.

"अन् पोरगी?"

"ती जाईन ना आत. ती आता आमची झाली."

"मंग झालं," नरसय्या म्हणाला.